घरात आहे त्यातलंच

पीएल लागली की आमच्या घरात माझ्या नावावरची सगळी कामं बंद व्हायची. कणीक मळणं, कुकर लावणं, संध्याकाळी मेथी निवडणं, सगळंच. "तू बस अभ्यासाला," असं म्हणून आई मला ओट्यापासून अक्षरशः हाताने मागे सारायची. इंजिनिअरिंग केलेल्यांना पीएल म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की परीक्षेआधी तासिका बंद करून अभ्यासाला म्हणून जे दिवस देतात ती पीएल, आणि सेमिस्टरभर जे केलं नाही ते सगळं त्याच दिवसांत करायचं असतं. एरवी वर्षभर मला स्वयंपाकघराचा कंटाळा. पण तिथून अशी हक्काची सुट्टी मिळाली रे मिळाली, की मला ओट्याशी जाऊन उभं राहावंसं वाटायचं. तेही रात्री अकरानंतर, सगळी निजानीज झाल्यावर.

अभ्यासाचा कंटाळा म्हणावा तर तेही पटत नाही. कंटाळा आलेला माणूस झोपतो, मोबाईल बघतो, गच्चीवर जाऊन उभा राहतो. कांदा कशाला चिरत बसेल?

2019 चा डिसेंबर. मी इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि समोर एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, होता. पुणे विद्यापीठाखालच्या कॉलेजांत एम-थ्री हे नाव घेतलं की सीनियर पोरं एक विशिष्ट हसतात. लाप्लास, फूरिए, झेड ट्रान्सफॉर्म, व्हेक्टर कॅल्क्युलस. पोरांचे विषय राहतात ते बहुतेक इथेच. आमचं घर नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या बाजूला. सिडकोतल्या घरांचं जे होतं तेच आमच्याही घराचं झालेलं, म्हणजे मूळ घर छोटं आणि मागे वाढवून काढलेलं स्वयंपाकघर. माझं टेबल भिंतीच्या अलीकडे, ओटा पलीकडे. फ्रीजची घरघर मला टेबलावर ऐकू यायची.

अभ्यासाला एक वाईट खोड आहे, तो संपत नाही. चॅप्टर संपला की त्यातली सुटलेली गणितं राहतात. ती झाली की मागच्या वर्षांचे पेपर. ते होईपर्यंत पहिला चॅप्टर डोक्यातून गेलेला असतो. रात्री अकराला आपण नेमके कुठे आहोत, पुढे आहोत की मागे, हे कोणी विचारलं तर सांगता येत नाही. सगळं कळणार ते निकालाच्या दिवशी, आणि विद्यापीठाचा निकाल त्याच्या सवडीने लागतो. अशा वेळी पंधरा मिनिटांत सुरू होऊन संपणारं, आपल्या हाताने केलेलं काहीतरी हवं असायचं. पिठलं रटरटलं की झालं. खाल्लं की संपलं. भांडं घासून पालथं घातलं की त्याचा मागमूसही राहिला नाही.

आईला माझ्या या रात्रीच्या उद्योगाचा सुगावा लागला तेव्हा तिने अडवलं नाही, पण अट घातली. "काय करायचं ते कर. पण घरात आहे त्यातलंच. खाली दुकानात जायचं नाही, आणि सकाळच्या डब्याला काढून ठेवलेल्या कशाला हात लावायचा नाही."

तेव्हा ही अट मला जाचक वाटली होती. आज वाटतं, सगळी मजा त्या अटीतच होती. रात्री अकराला फ्रीज उघडला की समोर काय ते लख्ख दिसायचं. अर्धी वाटी वरण, दोन पोळ्या, सकाळची मटकीची उसळ तळाला थोडी, कोमेजलेली कोथिंबीर, आंबट होत चाललेलं ताक. डब्यांत बेसन, पोहे, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याचं कूट. बस. सिलॅबसमध्ये काय आहे आणि काय नाही याचा अंदाज बांधता बांधता दिवस जायचा, फ्रीजमध्ये काय नाही ते बघताक्षणी कळायचं. टोमॅटो नाही? मग टोमॅटोशिवाय. विचार तिथेच थांबला. दिवसभर दमलेल्या डोक्याला एवढा मर्यादित प्रश्न मिळणं ही मोठी चैन असते. म्हणूनच मी कधी यूट्यूबवर रेसिपी बघायला गेले नाही. रेसिपीत हमखास एक वस्तू अशी असते जी आपल्याकडे नसते, आणि मग सगळा जीव त्या एका वस्तूत अडकतो.

तशा आपल्याकडे अशा पदार्थांना तोटा नाही. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, थालीपीठ, उरलेल्या वरणात कणकेचे तुकडे सोडून केलेली वरणफळं. कोणीतरी कधीतरी रात्रीचं उरलेलं समोर ठेवून डोकं चालवलं असणार आणि मग त्याला नाव मिळालं असणार. फोडणीच्या भाताला तर शिळाच भात लागतो. भात गार झाला की त्यातला स्टार्च घट्ट होतो, शितं मोकळी आणि टणक होतात. ताज्या मऊ भाताला फोडणी दिली तर त्याचा गिचका होतो. फक्त तो भात दिवसभर ओट्यावर पडलेला नको, वेळेवर फ्रीजमध्ये गेलेला हवा, नाहीतर पेपरच्या दिवशी पोट बिघडायचं.

पण त्या डिसेंबरातलं मला सगळ्यात नीट आठवतं ते कोंबाच्या कांद्याचं पिठलं.

त्या वर्षी कांद्याने किरकोळ बाजारात किलोला शंभरी ओलांडली होती. आणि आम्ही राहतो कुठे, तर नाशिकला, जिथून लासलगावची बाजारपेठ दीड-दोन तासांवर! एरवी आमच्याकडचं गणित साधं असतं. एप्रिल-मेमध्ये निघालेला उन्हाळ कांदा साठवणीच्या हवेशीर चाळीत ठेवायचा, तो दिवाळीपर्यंत पुरवायचा, तोवर खरिपाचा लाल कांदा बाजारात येतो. त्या वर्षी पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरातही हटेना. लाल कांदा शेतातच सडला, चाळीतला संपत आला, सरकारने निर्यात सप्टेंबरअखेरीसच बंद केली होती, पुढे इजिप्त-तुर्कस्तानातून कांदा मागवला. इजिप्तचा कांदा नाशिक जिल्ह्यातल्या माणसाने विकत घेऊन खायचा, या कल्पनेनेच माझी निफाडकडची आत्या फोनवर संतापली होती. तिने तिच्या चाळीतला शेवटचा कांदा गोणीत भरून आमच्याकडे पाठवला. त्यातल्या निम्म्याला कोंब फुटलेले. जाळीच्या गोणीच्या भोकांतून हिरवी टोकं बाहेर आलेली, जणू गोणीलाच पालवी फुटली होती.

कोंबाचा कांदा चिरायला हाती धरला की आधी बोटांना कळतं. वरून घट्ट, पण दाबला की आत सैल. देठाकडून उभा कापला की मधोमध फिकट हिरवी नळी, तिच्याभोवती पांढऱ्या पाकळ्या एकमेकींना सोडून बसलेल्या. कोंबाने सगळा रस ओढून घेतलेला असतो, त्यामुळे बाहेरचे एक-दोन थर मऊ पडून गेलेले, ते सोलून टाकायचे. पांढरा भाग बारीक चिरायचा, कोंब वेगळे, पातीसारखे. कढई लोखंडी. तेल तापलं की मोहरी, ती पूर्ण तडतडू द्यायची. मध्येच घाई करून जिरं टाकलं तर अर्धी मोहरी कच्ची राहून दाताखाली कडवट लागते. मग जिरं, ठेचलेला लसूण, मिरची, हिंग आणि सगळ्यात शेवटी हळद, कारण हळद तेलात फार वेळ राहिली की करपते. कांदा घालून झाकण. तेवढ्यात वाटीत बेसन थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या बोटांनी मोडायच्या. हे मोडणं मला फार आवडायचं. गुठळी बोटांत धरली की बाहेरून ओली आणि आत कोरडी पिवळी भुकटी, चिमटली की फस्सकन फुटते. एकेक करत वाटीच्या तळाशी एकही उरली नाही, की माझा खांद्यापासून आखडलेला हात मोकळा झालेला असायचा.

बेसन कढईत ओतलं की पहिली दोन मिनिटं हलवत राहायचं. मग ते घट्ट व्हायला लागतं आणि रटरट सुरू होते. बुडबुडा फुटून मनगटावर उडाला तर चांगलाच चटका बसतो. बेसनाचा कच्चा वास जाऊन खमंग वास यायला लागला की कोंबांची पात वरून घालायची, झाकण ठेवायचं, गॅस बारीक. तळाशी खरवड धरू द्यायची. ती उलथन्याने खरवडून काढण्याचा मान स्वयंपाक करणाऱ्याचा. आमच्या घरात तरी यावर वाद नाही.

पप्पांची तेव्हा सेकंड शिफ्ट असायची, अंबड एमआयडीसीत. ते बाराच्या सुमारास यायचे. डिसेंबरात नाशिकची थंडी काही चेष्टा नसते, आणि निफाडचा पारा तर पेपरात रोज पहिल्या पानावर. मफलर काढून, हातपाय धुऊन ते स्वयंपाकघरात डोकावायचे. त्या रात्री मी ताट केलं तर म्हणाले, "एवढ्या रात्री पिठलं?"

"लाप्लास येत नाही."

यावर दुसऱ्या कोणी काही उपदेश केला असता. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, खाल्लं आणि विचारलं, "कांदा कसला?"

"कोंबाचा. आत्याचा."

"छान झालंय. मीठ थोडं कमी." मग जरा वेळाने, "आमच्याकडे रात्री मशीन बंद पडलं आणि स्टोअरमध्ये पार्ट नसला की असंच करतो. आहे त्यात चालू करायचं. आणि सकाळच्या शिफ्टला सांगायचं नाही."

हे ते इतक्या गंभीरपणे बोलले की मी हसायचं की नाही हेच मला कळेना. नंतर किती तरी दिवस आमच्यात हा परवलीचा शब्द होता. मी रात्री काही केलं आणि ते खाण्याजोगं झालं नसलं, की ते म्हणायचे, "हे सकाळच्या शिफ्टला सांगू नको." सकाळची शिफ्ट म्हणजे आई.

मिसळीचंही असंच एकदा झालं. नाशिककराने घरी मिसळ करावी की नाही हा प्रश्न आहे, कारण बाहेर गल्लोगल्ली मिळते आणि प्रत्येकाचं एकेक ठिकाण ठरलेलं असतं. पण उसळ उरली होती. तीत पाणी आणि काळा मसाला घालून उकळी काढली, वर चिवड्याच्या डब्याच्या तळाचा चुरा. चिवडा संपला तरी तळाला शेंगदाणे, डाळं, तुटके पोहे आणि मसाला उरतोच, तो फेकायचा जीव होत नाही. पाव नव्हते, शिळी पोळी होती. रविवारी सकाळी रांगेत उभं राहून खाल्लेल्या मिसळीशी तिची बरोबरी नाही. रात्री साडेअकराला मात्र तिला तोड नव्हती.

आत्याच्या त्याच गोणीसोबत आणखी एक गोष्ट आली होती, कच्ची द्राक्षं. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की पुढे नोव्हेंबर-डिसेंबरात बागांमध्ये विरळणी चालते. घडात मणी दाटीने राहिले तर कोणताच मणी नीट फुगत नाही, म्हणून कात्रीने काही मणी काढून टाकतात. बागेतले हे मणी कोणी खात नाही, त्यांच्यावर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. पण आत्याच्या दारात मांडवावर एक जुना वेल आहे, त्याला कोणी फवारत नाही. त्याचे हे मणी. वाटाण्याएवढे, टणक, हिरवेगार, आणि आंबट इतके की एक चावला तर कानशिलं ताणतात. आई ते चिंचेऐवजी आमटीत घालणार होती. त्यातले मूठभर मी रात्री उचलले.

तव्यावर थोडं तेल, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि हे मणी. आधी काहीच होत नाही, नुसते तव्यावर घरंगळतात. मग त्यांचा हिरवा रंग मळकट होतो, सालीवर तपकिरी ठिपके येतात आणि एकेक मणी सुरकुतून फुटतो. रस तव्यावर सांडला की चर्रकन वाजतो आणि नाकात असा काही आंबट-तिखट वास जातो की ठसका लागावा. मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड ठेचलं. आंबट, तिखट, मागून किंचित तुरट. सोबत दुपारची भाकरी, तव्यावर कडक करून.

ठसक्याने धाकटा भाऊ उठून आला. त्याने बोटाने चाटून बघितलं आणि डोळे मिटले. "हे काय आहे?"

"एम-थ्री," मी म्हटलं.

"मग तू नक्की नापास," असं म्हणून त्याने अर्धी भाकरी संपवली.

आता थोडं उलट बाजूने. माझ्या वर्गातल्या काही मुली कॉलेजजवळ रूम करून राहायच्या. घरमालकाची नजर चुकवून कॉइलची शेगडी चालायची तिथे. त्यांनी पेपरच्या आदल्या आठवड्यात बिर्याणीचा घाट घातला. दुपारी भद्रकालीच्या बाजारात जाऊन सगळं घेऊन आल्या, मॅरिनेशन, दम, फोटो, स्टेटस. जेवायला रात्रीचे अकरा वाजले आणि भांडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच. पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये जो तो डालगोना कॉफी फेटत बसला, त्याचीच ही धाकटी बहीण. माझं मत विचाराल तर याला विरंगुळा म्हणत नाहीत, दांडी म्हणतात. बिर्याणीचा दोष नाही. बाजारहाटाची यादी झाली की स्वयंपाकाचाही सिलॅबस होतो, आणि एका सिलॅबसला घाबरून दुसऱ्यात शिरल्याने काय साधणार?

हा फरक मला, गंमत म्हणजे, लाप्लासने शिकवला. डिफरन्शियल इक्वेशन सरळ सोडवायला जड जातं, म्हणून ते ट्रान्सफॉर्म करून दुसरीकडे न्यायचं. तिथे त्याचं साधं बीजगणित होतं. ते सोडवायचं आणि इन्व्हर्स घेऊन उत्तर परत मूळ जागी आणायचं. अर्धी मुलं पहिला भाग बरोबर करतात, तिकडे जाऊन पोहोचतात आणि इन्व्हर्सला अडकतात. आमच्या सरांचं लाडकं वाक्य होतं, "गेलात तसे परत या, मार्क परत येण्याला आहेत." ओटा पुसून मी टेबलाशी परत यायचे तेव्हा बहुधा बारा-साडेबारा झालेले असायचे, आणि पुढचा तासभर जे डोक्यात शिरायचं ते संध्याकाळच्या तीन तासांत शिरलेलं नसायचं. प्रत्येक वेळी असं झालं असं म्हणत नाही. कधी कधी पोट भरल्यावर सरळ झोपही लागायची.

एम-थ्री सुटला. काठावर नाही, बऱ्यापैकी. त्याचं श्रेय पिठल्याला द्यायचा मोह होतो, पण ते खरं तर शेवटच्या आठवड्यात सोडवलेल्या जुन्या पेपरांचं आहे.

आईचं मत मात्र वेगळंच निघालं. परीक्षा संपल्यावर एकदा मी तिला मोठ्या कौतुकाने सांगत होते, की टेन्शन आलं की स्वयंपाक करावा, डोकं कसं शांत होतं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "बरंय. मग मला टेन्शन आलं की मी काय करू? तुझी गणितं सोडवू?"

मला उत्तर सुचलं नाही. ज्याच्या गळ्यात ते काम बांधलेलं नाही त्यालाच ते विरंगुळा म्हणून करता येतं, हे तिने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. घरात आहे त्यातलंच करायचं, ही माझी रात्रीची गंमत, पण तिचा तो वर्षानुवर्षांचा महिनाअखेर होता. कंपनीत पगार लांबला की डाळीत पाणी वाढवायचं, भाजी महाग झाली की बटाटा, बटाटाही नसला की बेसन. त्याला कोणी कल्पकता म्हटलं नाही, फोटो काढला नाही. पिठल्यात मीठ कमी पडलं तर मात्र तिला लगेच ऐकवलं जायचं. आणि परीक्षेत मला जशी ओट्यापासून सुट्टी मिळायची तशी तिला कशापासून मिळत होती?

मग मी नीट लक्ष दिलं तेव्हा दिसलं, तिचीही जागा होती. दुपारी सगळं आवरल्यावर ती पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसायची. पेन्सिलने, खोडरबर जवळ ठेवून. तेव्हा तिच्याशी बोललेलं तिला चालायचं नाही. पप्पांची शिफ्ट बदलली, घरात काही बिनसलं, की कोडी जुनीसुद्धा निघायची, गादीखाली जपून ठेवलेली. मी इतकी वर्षं त्याला तिचा टाइमपास समजत होते. तिला त्यात मदत केलेली अजिबात खपत नाही, उत्तर येत असलं तरी गप्प बसायचं. मीही तिला रात्री ओट्याशी येऊ देत नव्हते, तेव्हा हे बरोबरच आहे.

आता मी नोकरीला चाकणला असते. स्वतःची खोली, स्वतःचा गॅस, आणि मला ओट्यापासून सुट्टी देणारं कोणी नाही. त्यामुळे कामावरून दमून आले की स्वयंपाकाने माझं डोकं शांत वगैरे होत नाही, सरळ कुकर लावते. आईचं म्हणणं कळायला भाड्याची खोली घ्यावी लागली.

भावाची सध्या परीक्षा चालू आहे. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन. "ताई, बेसन संपलंय. ज्वारीचं पीठ आहे आणि ताक आहे. आंबट आहे ताक."

"मग उकड कर," मी म्हटलं. ताकात पीठ गार असतानाच कालवून घे, गरम कशात टाकू नको, गुठळ्या होतील. फोडणीत लसूण जास्त घाल, मिरची, जिरं, कढीपत्ता असला तर. त्यावर हे कालवलेलं ओत आणि हलवत राहा, फोन ठेवून दे, दोन्ही हात लागतात. घट्ट झालं की झाकण ठेवून दणदणीत वाफ काढ. वरून कच्चं तेल. आणि ऐक, खाल्ल्या खाल्ल्या पातेलं पाण्याने भरून ठेव. उकड वाळली की घासून निघत नाही, आणि सकाळी ते पातेलं आईच्या हाती लागलं तर तुझा निकाल विद्यापीठाच्या आधी लागेल.